बेदाण्याच्या खोक्यावरचा अरबी मजकूर : एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेतानाच्या नोंदी

नाशिकच्या सातपूर भागातील आमच्या छोट्या डिझाइन स्टुडिओकडे दिवाळीनंतर एका बेदाणा निर्यातदाराचे काम आले. ५०० ग्रॅमचे छापील खोके आणि अशी खोकी भरण्याचे बाहेरचे कोरुगेटेड कार्टन, दोन्ही आखाती देशांसाठी, असे ते काम होते. माल रमजानपूर्वी दुकानांत पोहोचायला हवा होता आणि २०२५ चा रमजान मार्चच्या आरंभी येत असल्याने न्हावा-शेव्याहून कंटेनर जानेवारीत निघणे भाग होते. मजकूर वर्डमधून पानमांडणीच्या इनडिझाइनमध्ये, तेथून रेखाटनाच्या इलस्ट्रेटरमध्ये, मग पीडीएफ होऊन अंबडच्या छापखान्यात तशाच कोरलड्रॉमध्ये आणि शेवटी छपाईच्या प्लेटवर असा प्रवास करणार होता. या प्रत्येक टप्प्यावर अरबी अक्षरे कोठे आणि का मोडली, हे जिल्ह्यातील द्राक्ष, बेदाणा आणि कांदा निर्यातीची पॅकिंग करणाऱ्या इतरांना उपयोगी पडावे म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

११ नोव्हेंबर २०२४

निफाड तालुक्यातील ग्राहकाने तीन गोष्टी दिल्या : दुबईच्या खरेदीदाराकडून आलेली जुन्या खोक्याची पीडीएफ, त्याच खोक्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि स्वतःच्या ब्रँडचा इंग्रजी फॉन्ट. वजन, पत्ता आणि साठवणुकीची सूचना बदलायची होती, बाकी मजकूर तोच ठेवायचा होता. आखाती देशांच्या जीएसओ ९ या मानकानुसार बंद पाकिटातील खाद्यपदार्थाच्या लेबलवर अरबी मजकूर असावाच लागतो, त्यामुळे हा भाग केवळ सजावटीचा नव्हता.

ब्रँडचा फॉन्ट अरबीला लावून पाहिला, तेव्हा ओळीभर रिकामे चौकोन आले, कारण त्या फॉन्टमध्ये अरबी अक्षरेच नाहीत. छोट्या मजकुरासाठी नोटो नस्ख अरेबिक आणि मथळ्यासाठी कैरो हे फॉन्ट निवडले. दोन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली उपलब्ध असल्याने त्यांची फाइल छापखान्याला निःशंकपणे देता येते. विकत घेतलेल्या अनेक फॉन्टांचा परवाना ही मुभा देत नाही, म्हणून तो आधी वाचावा. कैरोच्या डाउनलोडमध्ये व्हेरिएबल (सर्व जाड्या एकाच फाइलीत) आणि स्टॅटिक (प्रत्येक जाडीची वेगळी फाइल) अशा दोन्ही फाइली मिळतात, त्यांपैकी स्टॅटिक घेतल्या, कारण छापखान्यातील प्रोग्रामची आवृत्ती जुनी होती.

१३ नोव्हेंबर

पीडीएफमधून मजकूर कॉपी करून वापरण्याचा प्रयत्न केला, त्यात पूर्ण दुपार गेली आणि हाती काही लागले नाही. जो कोणी हे काम हाती घेईल तो पहिल्यांदा हेच करून पाहणार, म्हणून काय झाले ते सविस्तर लिहितो.

खोक्यावरचा सर्वांत मोठा शब्द ‘झबीब’, म्हणजे बेदाणा. त्यात चार अक्षरे आहेत : झाय, बा, या, बा. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि बहुतेक अक्षरे शेजारच्या अक्षराला जोडली जातात, त्यामुळे एकाच अक्षराची सुटी, आरंभीची, मधली आणि शेवटची अशी चार रूपे असू शकतात. अलिफ, दाल, धाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरे मात्र आपल्यानंतरच्या अक्षराला जोडली जात नाहीत. म्हणून ‘झबीब’ बरोबर छापला असता उजवीकडे डोक्यावर एक ठिपका असलेली एक लहान वळणदार रेघ एकटी उभी दिसते. त्यानंतर थोडी फट असते आणि पुढे सलग जोडलेली तीन अक्षरे येतात : खाली एक ठिपका असलेला पहिला दात, खाली दोन ठिपके असलेला दुसरा दात आणि खाली एक ठिपका असलेली लांब खोलगट रेघ.

पीडीएफमधून चिकटवलेला शब्द पहिल्या नजरेत असाच दिसला, फक्त अक्षरांचा क्रम उलटा होता. क्रम हाताने सरळ केला, पण मजकुरात बदल करू लागताच खरी अडचण समोर आली. पीडीएफमध्ये अक्षरांची आकृती आणि तिची जागा नोंदलेली असते. त्यातून अक्षर परत मिळवायचे तर पीडीएफ बनवणाऱ्याने तसा तक्ता आत नीट ठेवलेला असावा लागतो. आमच्या पीडीएफमधून मूळ अक्षरांऐवजी युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतील अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रणालीच्या) प्रेझेंटेशन फॉर्म या गटातील तयार आकृत्या आल्या होत्या. हा गट जुन्या प्रणालींशी सुसंगतता राहावी म्हणून युनिकोडमध्ये ठेवलेला आहे आणि त्यात प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक आहे. मराठी डीटीपी करणाऱ्यांना हे लगेच समजेल : जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत अर्धा ‘क’, रफार आणि वेलांटीचे तुकडे वेगवेगळ्या कळांवर असायचे, आणि फॉन्ट बदलला की मजकुराचा चुरा व्हायचा, तसाच हा प्रकार आहे.

मजकूर खरा आहे की तुकड्यांचा, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी सापडली. शब्दाच्या शेवटचे अक्षर बॅकस्पेसने पुसावे. मजकूर खऱ्या युनिकोडचा असेल तर त्याआधीचे अक्षर आपोआप शेवटचे रूप घेते, आणि तुकड्यांचा असेल तर ते तसेच अर्धवट, शेपूट नसलेले राहते. आमच्या मजकुरात ते तसेच राहिले. तेव्हा पीडीएफचा मजकूर बाजूला ठेवून सर्व ओळी नव्याने टाइप करून घेण्याचे ठरवले.

१६ नोव्हेंबर

मालेगावात उर्दू छपाईचे काम मोठे आहे. तेथील एका टाइपिस्टने फोटो पाहून सर्व ओळी टाइप करून दिल्या, ६०० रुपये घेतले. फाइल इनपेजची होती. इनपेज हा १९९४ पासून वापरात असलेला, दिल्लीत तयार झालेला प्रोग्राम आहे आणि उर्दूच्या नस्तालीक या तिरक्या वळणासाठी आपल्याकडे तो सर्वत्र वापरला जातो. जुन्या इनपेज फाइलींची संकेतपद्धती स्वतःची असल्याने फाइल थेट इनडिझाइनमध्ये घेऊ नये. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून साध्या मजकुराची यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) फाइल करून घ्यावी. नोटपॅडमध्ये साठवताना एन्सी (ANSI) हा पर्याय राहिला तर सर्व अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत येत नाहीत.

१८ नोव्हेंबर

जुन्या नाशकात मदरशात अरबी शिकवणाऱ्या एका मौलानांना प्रिंट दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पहिल्याच ओळीवर बोट ठेवले : “भाऊ, हे उर्दूच्या हाताने लिहिलं आहे. ‘साफी’च्या शेवटी दोन ठिपके हवेत.”

‘साफी’ म्हणजे निव्वळ (वजन). चुकीचे कारण कळफलकात होते. उर्दूतील ‘ये’ आणि अरबीतील ‘या’ युनिकोडमध्ये वेगवेगळी अक्षरे आहेत. शब्दाच्या आरंभी आणि मध्ये दोघांचे रूप सारखेच, खाली दोन ठिपके असलेले. पण शब्दाच्या शेवटी उर्दूच्या ‘ये’ला ठिपके नसतात आणि आखातातील अरबी छपाईत ‘या’ला ते असतात. काफचेही तसेच आहे : अरबी काफ ०६४३ आणि उर्दूचा ०६ए९. मध्ये आले तर फरक जाणवत नाही, शेवटी आले की आकृतीच बदलते. ‘हे’ या अक्षराचीही उर्दूत वेगळी नोंद आहे.

शोधून बदलण्याची आज्ञा देऊन सर्व उर्दू ‘ये’ अरबी ‘या’त बदलले आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट पुन्हा नेले. मौलानांनी या वेळी सुक्यामेव्याच्या इशाऱ्यातील ‘यह्तवी अला’ (‘यात … आहे’) या दोन शब्दांपाशी थांबवले. ‘यह्तवी’च्या शेवटी ठिपके असतात, पण त्याला लागून येणाऱ्या ‘अला’च्या शेवटी अलिफ मक्सूरा हे वेगळे अक्षर असते, जे दिसायला ‘या’सारखेच पण ठिपक्यांविना असते. टाइपिस्टने दोन्ही ठिकाणी एकच कळ वापरली होती, म्हणून सरसकट बदलात दोन्हींना ठिपके आले. अशा बदलानंतर ‘अला’ आणि ‘इला’ हे शब्द हाताने तपासून अलिफ मक्सूरा घालणे आवश्यक आहे. दोन प्रिंट आणि जुन्या नाशकापर्यंतच्या फेऱ्या एवढ्यासाठी खर्ची पडल्या. मौलानांनी मानधन घेण्यास नकार दिला, त्यांच्या वर्गासाठी कागदाची रिमे पोहोचवली.

येथून पुढे एक नियम केला : तपासलेला मजकूर ज्या यूटीएफ-८ फाइलीत आहे तीच मूळ प्रत. कोणत्याही प्रोग्राममधून दुसऱ्या प्रोग्राममध्ये मजकूर थेट न्यायचा नाही, प्रत्येक ठिकाणी याच फाइलीतून घ्यायचा.

२० नोव्हेंबर

इनडिझाइनमध्ये मजकूर घेतला आणि अक्षरे सुटी-सुटी, डावीकडून उजवीकडे पडली. परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरे आणि ओळी जुळवणारा भाग) नेहमीचा होता, तो बदलून वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर केला, तेव्हा जोडणी बरोबर झाली. मराठीची जोडाक्षरे नीट बसावीत म्हणून आपण हाच कंपोझर वापरतो. म्हणून नवी शैली तयार करण्याऐवजी स्टुडिओची मराठी परिच्छेदशैलीच आधाराला घेतली आणि परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे केली. दिशेचे बटण आणि इतर मध्यपूर्वेच्या सोयी दिसण्यासाठी क्रिएटिव्ह क्लाउडमधील स्थापनेची भाषा ‘इंग्लिश (अरबी)’ करून इनडिझाइन पुन्हा बसवावे लागले. ही सोय आधी माहीत असती तर सकाळ वाचली असती.

अंकांच्या पर्यायात अरेबिक, हिंदी आणि फारसी अशी नावे दिसतात. तेथे ‘हिंदी’ म्हणजे देवनागरी अंक नव्हेत. अरबी देशांत वापरले जाणारे अंक त्या नावाखाली आहेत. फारसी निवडल्यास चार, पाच आणि सहा यांच्या आकृती इराणी-उर्दू वळणाच्या येतात, त्या आखातात चालत नाहीत.

मथळ्याच्या शैलीत ट्रॅकिंग (अक्षरांमधले सरसकट अंतर) थोडे वाढवलेले होते आणि कर्निंग (अक्षरांच्या जोडीनुसारचे अंतर) ऑप्टिकल होते. इंग्रजीला ते शोभते. अरबीत मात्र त्यामुळे जोडलेल्या अक्षरांत केसभर फटी पडल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या आणि ४०० टक्के मोठे केल्यावर दिसणाऱ्या. ट्रॅकिंग शून्य आणि कर्निंग मेट्रिक्स केले. शब्द रुंद करायचाच असेल तर अरबीत अक्षरांमधली जोडरेघ लांबवतात, तिच्यासाठी ततवील हे स्वतंत्र चिन्ह आहे. आम्ही ते वापरले नाही, मथळ्याचा आकारच वाढवला.

२२ नोव्हेंबर

हा दिवस आकड्यांनी घेतला.

ग्राहकाला उत्पादनाची तारीख खोक्यावर छापूनच हवी होती. ‘तारीख अल-इंताज’ या शब्दांनंतर १५-१२-२०२४ असे इंग्रजी अंकांत टाइप केले, तर पानावर २०२४-१२-१५ असे दिसले. पत्त्याखालच्या दूरध्वनी क्रमांकात अधिक चिन्ह आणि ९१ उजवीकडे गेले, नाशिकचा २५३ मध्ये आला आणि मूळ क्रमांक डावीकडे पोहोचला. प्रथम वाटले की मजकूरच बिघडला आहे, पण यूटीएफ-८ फाइल बरोबर होती.

युनिकोडच्या द्विदिश नियमानुसार अंकांचा गट डावीकडून उजवीकडेच वाचला जातो, परंतु अरबी अक्षरांनंतर आलेले अंक अरबी अंकांसारखे मानले जातात. तशा दोन अंकगटांमध्ये आडवी रेघ किंवा मोकळी जागा आली की ते गट वेगळे होऊन उजवीकडून डावीकडे मांडले जातात. तिरपी रेघ मात्र दोन अंकगटांना एकत्र ठेवते. म्हणून तारखेत आडव्या रेघेऐवजी जागा न सोडता तिरपी रेघ घातली, तेव्हा तारीख सरळ झाली. दूरध्वनी क्रमांकाच्या आधी, अधिक चिन्हाच्याही अगोदर, डावीकडून-उजवीकडे हे अदृश्य चिन्ह घातले. ते इनडिझाइनच्या विशेष चिन्हांत मिळते. ते घातल्यावर सर्व गट आपापल्या जागी आले. हे चिन्ह नंतर मूळ यूटीएफ-८ फाइलीतही घातले, नाहीतर पुढच्या प्रोग्राममध्ये तीच अडचण पुन्हा आली असती.

वजन अरबी अंकांत ठेवले. आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे की अरबी पाच हा छोट्या वर्तुळासारखा, आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य हा नुसता ठिपका असतो. त्यामुळे ५०० म्हणजे एक वर्तुळ आणि त्यानंतर दोन ठिपके. या ठिपक्यांचा विषय पुढे पुन्हा येईल.

२६ नोव्हेंबर

माहितीची बाजू इनडिझाइनमध्ये पूर्ण झाली, समोरची बाजू इलस्ट्रेटरमध्ये होती. इनडिझाइनमधून चिकटवलेला मजकूर काही वेळा आकृती होऊन येतो, काही वेळा मजकूर म्हणून येतो पण कंपोझरची निवड सोबत येत नाही. ठरल्याप्रमाणे यूटीएफ-८ फाइलीतूनच घेतला. इलस्ट्रेटरमध्ये पसंतीच्या (प्रेफरन्सेस) टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय दाखवा ही खूण केल्यावर परिच्छेदाच्या यादीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर दिसतो. तो लावला आणि जोडणी ठीक झाली. दोन्ही प्रोग्राममधील ‘झबीब’ पारदर्शक करून एकावर एक ठेवून पाहिले, रेघ रेघेवर बसली.

एसव्हीजी (रेखाचित्रांचा फाइल-प्रकार) मार्गाचीही चाचणी घेतली, कारण एका सहकाऱ्याला इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये काम करायचे होते. एसव्हीजीत मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला आणि समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट असला तर तो बरोबर जोडला जातो. निर्यात करताना प्रत्येक अक्षराला वेगळी जागा नेमून दिली गेली असेल तर मात्र शब्द तुटतो, आणि आमच्या एका ओळीत तसे झाले. त्या ओळीपुरती ती नोंद मजकूर-संपादकात उघडून अक्षरांच्या जागा काढून टाकल्या.

३० नोव्हेंबर

पीडीएफ छापखान्यात गेली. फॉन्ट आत समाविष्ट होते आणि आमच्या पडद्यावर ती निर्दोष दिसत होती. तेथे ती कोरलड्रॉमध्ये आयात करताना ‘मजकूर’ आणि ‘कर्व्ह’ असे दोन पर्याय येतात. पहिला निवडला गेला आणि पीडीएफमधील आकृत्यांपासून प्रोग्रामने मजकूर पुन्हा रचला. १३ तारखेला आम्ही जे अनुभवले त्याचीच ही दुसरी बाजू. काळ्या शाईची प्लेट निघाल्यावर मशीन प्रूफमध्ये हे कळले. प्लेटचे ४०० रुपये आणि मशीनची अर्धी पाळी वाया गेली.

छापखान्यातील ऑपरेटरने त्या वेळी एक प्रश्न विचारला, तो मला फार महत्त्वाचा वाटला : “दादा, इथं फट दिसतेय ना, ती असायलाच हवी की अक्षर तुटलंय?” ज्याला लिपी वाचता येत नाही त्याला झायनंतरची योग्य फट आणि तुटलेल्या जोडणीची फट सारखीच दिसते. या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढच्या सर्व फाइलींसोबत देऊ लागलो. प्रत्येक ओळीचा बरोबर नमुना चारपट मोठा छापून, जेथे फट असायला हवी तेथे हिरवी खूण केलेला कागद आता आम्ही जोडतो.

३ डिसेंबर

या वेळी सर्व अरबी मजकूर आमच्याकडेच आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पाठवला. आउटलाइन करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवली, कारण नंतर एक ठिपकाही बदलता येत नाही.

छापखान्याच्या पडद्यावर आता आकृती बरोबर होत्या, पण मथळ्यात प्रत्येक जोडणीपाशी एक बारीक पांढरा डाग दिसू लागला. ‘बा’चा दात जेथे ‘या’च्या दाताला भेटतो, बरोबर तेथे. अरबी फॉन्टमध्ये जोडलेली अक्षरे सांध्यापाशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात. मजकूर असेपर्यंत हे दिसत नाही, पण आउटलाइन झाल्यावर दोन आकृत्या खरोखरच एकावर एक येतात. फाइल हलकी व्हावी म्हणून सर्व आकृत्या निवडून कंबाइन केल्या गेल्या होत्या. कंबाइनमध्ये एकावर एक आलेला भाग पोकळ होतो. हाच भाग सोनेरी फॉइलचा असता तर प्रत्येक सांध्यात भोक पडले असते.

उपाय सोपा आहे : कंबाइन मोडून वेल्ड करावे, म्हणजे आकृत्या एकजीव होतात. इलस्ट्रेटरमध्ये त्यासाठी पाथफाइंडरमधील युनाइट आहे आणि इंकस्केपमध्ये युनियन. आम्ही आता वेल्ड आमच्याकडेच करून पाठवतो. वेल्ड केल्यावर ‘साद’ आणि ‘फा’ यांच्या आतील पोकळ्या भरल्या गेल्या नाहीत ना, एवढे मोठे करून पाहावे. मजकुराला बाहेरून रेघ द्यायची असेल तर ती वेल्डनंतरच द्यावी, आधी दिल्यास सांध्यांतील रेघाही दिसू लागतात.

६ डिसेंबर

नव्या प्लेटच्या प्रूफमध्ये वजन ५०० ऐवजी ५ ग्रॅम होते, आणि ‘झबीब’मधील पहिल्या अक्षराचा ठिपका नसल्याने झायचा रा झाला होता. फाइल साफ करताना बारीक सुटे तुकडे निवडून पुसले गेले होते. त्यात दोन्ही शून्ये आणि काही अक्षरांचे ठिपके गेले. ज्याला लिपी येत नाही त्याला ती धूळ वाटणे स्वाभाविक आहे. आणखी एक काळी प्लेट बदलावी लागली आणि दोन दिवस गेले.

यावर दोन उपाय केले. पहिला असा की प्रत्येक ओळ गट करून पाठवली, म्हणजे ठिपका एकटा निवडला जात नाही. दुसरा मला अधिक भरवशाचा वाटतो : कापण्याच्या रेषेबाहेर प्रत्येक ओळीसमोर तिच्यातील ठिपक्यांची संख्या लिहिली. ‘झबीब’मध्ये ५ ठिपके, ‘यह्तवी अला’मध्ये ६, ‘तारीख अल-इंताज’मध्ये ९. शेवटच्या ओळीत अलिफखाली हमझाची छोटी खूण आहे, ती ठिपका म्हणून मोजायची नाही हेही लिहिले. आता अरबीचे एक अक्षर न येणारा माणूसही भिंग घेऊन प्लेट तपासू शकतो. ‘अला’ला चुकून ठिपके आले असते तर तेही याच मोजणीत पकडले गेले असते, कारण मग संख्या ८ भरली असती.

११ डिसेंबर

बाहेरच्या कार्टनची फ्लेक्सो (लवचीक, उठावाची) प्लेट आली. एकरंगी काम, त्यामुळे घाई झाली. कार्टनच्या एका बाजूवर फक्त अरबी मजकूर आहे आणि त्या बाजूच्या प्लेटचा पुराव्याचा छाप उलटा, आरशातल्यासारखा आला होता. इंग्रजी मजकूर उलटा असता तर तो कोणालाही दिसला असता. अरबी उलटी आहे हे प्लेट बनवणाऱ्यांना, छापखान्याला आणि छाप हातात घेतलेल्या आमच्याकडच्या मुलालाही जाणवले नाही. तो छाप नमुन्याच्या कागदाशी लावून पाहताना झायची सुटी रेघ डावीकडे दिसली, तेव्हा ते लक्षात आले. फ्लेक्सोची प्लेट क्षेत्रफळावर आकारली जाते. ही बाजू मोठी असल्याने २,८०० रुपये गेले.

नव्या फाइलीत प्रत्येक अरबी पट्टीच्या शेजारी, छपाईच्या कडेबाहेर, ‘नाशिक’ हा शब्द ठळक देवनागरीत ठेवला. पुराव्याच्या छापावर तो सरळ वाचता आला तर अरबीही सरळ आहे.

कोरुगेटेड कागदावर शाई पसरते, त्यामुळे ‘या’चे दोन ठिपके एकमेकांत मिसळून आडवी रेघ झाली होती. त्या बाजूपुरता नस्ख वळणाचा फॉन्ट सोडून नोटो कूफी अरेबिक घेतला, त्याच्या रेघा सरळ आणि जाड आहेत. आकारही वाढवला. अक्षरांत अंतर वाढवून हा प्रश्न सोडवता येत नाही, कारण अंतर वाढले की जोडणी तुटते. फॉन्ट बदलल्यामुळे मजकूर पुन्हा यूटीएफ-८ फाइलीतून घेतला, आउटलाइन आणि वेल्ड पुन्हा केले, ठिपके पुन्हा मोजले. कूफी वळणात लाम आणि अलिफ यांची जोडाकृती वेगळी दिसते, तेव्हा ती ओळ मौलानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तासाभरात “बरोबर आहे” असे उत्तर आले.

१४ डिसेंबर

छापील प्रूफ घेऊन जुन्या नाशकात गेलो. मौलानांनी सर्व ओळी मोठ्याने वाचल्या आणि मी समोर यूटीएफ-८ फाइलीचे प्रिंट धरून ठिपके मोजत होतो. पत्त्यातील ‘नाशिक’चे अरबी लेखन त्यांनी एका अक्षराने सुधारले. ते ग्राहकाच्या निर्यात कागदपत्रांतील लेखनाशी जुळवून घेतले, कारण लेबल आणि कागदपत्रे यांत एकच लेखन असणे बरे. प्रत्येक पानावर त्यांची सही घेतली.

१९ डिसेंबर

खोकी छापून झाली, कार्टनचा पहिला लॉट पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसला पोहोचला. वाया गेलेल्या दोन ऑफसेट प्लेटा, एक फ्लेक्सो प्लेट आणि टाइपिंग असे मिळून ४,२०० रुपये झाले. मशीनचा वेळ आणि आमचे श्रम त्यात धरलेले नाहीत. छापखान्याने मशीनच्या वेळेचे पैसे मागितले नाहीत. प्लेटांचा खर्च आम्ही आणि त्यांनी निम्मा-निम्मा घेतला.

या कामाच्या फोल्डरमध्ये आता तपासलेली यूटीएफ-८ फाइल, तिन्ही फॉन्ट त्यांच्या परवान्यासह, आउटलाइनआधीच्या आणि वेल्डनंतरच्या फाइली, फटींच्या हिरव्या खुणांचा नमुना, ठिपक्यांचा तक्ता आणि मौलानांच्या सहीची पाने ठेवली आहेत. ग्राहकाला जानेवारीत द्राक्षांच्या ५ किलो कार्टनवर हाच मजकूर हवा आहे, त्यात ‘झबीब’च्या जागी ‘इनब’ येईल. अरबी मजकुराच्या कामाचा दर आम्ही मौलानांकडील दोन वेळच्या तपासणीसह सांगू लागलो आहोत आणि वेळापत्रकात त्यासाठी वेगळे चार दिवस धरतो.